दोन भुवयांमधलं काम

माझ्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध, दोन उभ्या रेषा होत्या. ‘होत्या’ लिहिताना हात जरा अडखळतो, कारण त्या होत्या की अजून आहेत यावर आमच्या घरात आजतागायत एकमत झालेलं नाही. नवरा म्हणतो, गेल्या. सासूबाई म्हणतात, आल्या कधी होत्या. शेजारचे काका नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेत. त्यांच्या मते डावी रेषा मध्यंतरी साधारण एक पंचमांशाने उथळ झाली होती आणि उजवी आहे तिथेच आहे. मी स्वतः मत देणं सोडून दिलंय. जिने चेहऱ्यावर लेझर मारून घेतलं तिची साक्ष या बाबतीत कोणी धरत नाही.

सुरुवात ठकूच्या खेळातून झाली. ठकू ही माझी पावणेतीन वर्षांची मुलगी. तिचं कागदोपत्री नाव चांगलं भारदस्त आहे, पण ते शाळेत लागेल म्हणून आम्ही जपून ठेवलंय. त्या दिवशी ती रबरी हत्तीला समोर बसवून सूचना देत होती. पळू नकोस, पडशील. तोंडात घालू नकोस, अडकेल. तिकडे जाऊ नकोस, ओलं आहे. हत्ती मुकाट ऐकत होता. मी दारात उभी राहून कौतुकाने बघत होते, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की प्रत्येक सूचनेआधी ती डाव्या हाताच्या दोन बोटांनी आपल्याच भुवयांमधली कातडी चिमटीत धरते. हे काय चाललंय म्हणून विचारलं, तर हत्तीवरची नजर न काढता म्हणाली, “मी आई झालेय.”

तिच्या कपाळाला आठी पडत नाही. धुतलेल्या बशीसारखं कपाळ आहे. म्हणून बिचारी हाताने पाडत होती.

मी मानसशास्त्र घेऊन पदवीधर झालेय, म्हणजे काळजी करायला मला शास्त्रीय कारणं मिळतात. त्या रात्री मी ठरवलं की मोठेपणी या मुलीला आई आठवली, तर आधी आठी आठवता कामा नये. त्यासाठी लेझर करून घ्यायचं. बाकी काही नको होतं मला. तरुण दिसायचं नव्हतं, सुंदर दिसण्याचा प्रश्न आमच्या लग्नातच निकाली निघाला होता. फक्त ठकूच्या आठवणीतला माझा चेहरा मला नीट हवा होता.

यात नोकरीचाही दोष आहे. मी एका कचेरीच्या त्रुटी विभागात काम करते. लोक अर्ज आणतात आणि त्यांत काय चुकलंय ते मी शोधते. दिवसाला साठ-सत्तर अर्ज, प्रत्येकी एक आठी. हिशेब केला तर रेषा दोनच पडल्या हे आश्चर्य.

सल्ले मागितले नव्हते, पण ते मिळाले. सासूबाई म्हणाल्या, अगं, माझ्याकडे बघ, मी जन्मात चेहऱ्याला काही लावलं नाही. ते दिसतच होतं, पण सुनेने अशा वेळी मान डोलवायची असते. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी उशी न घेता उताणं झोपायला सांगितलं. दोन रात्री झोपले, मान धरली आणि मानेच्या दुखण्याने आठी आणखी खोल गेली. नवऱ्याला विचारलं तेव्हा तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, कुठल्या रेषा? बोट ठेवून दाखवल्यावर म्हणाला, “या होय? मला वाटलं त्या तुझ्याच आहेत.” हे वाक्य प्रेमाचं होतं की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

काकांनी मात्र विषय गांभीर्याने घेतला. ते भिंग, पट्टी आणि टोकदार पेन्सिल घेऊन आले, मला खिडकीशी बसवलं आणि आलेखाच्या कागदावर माझं कपाळ काढलं. डोंगरदऱ्या दाखवतात तसं. कागदाच्या कोपऱ्यात तारीख, उत्तर दिशेचा बाण आणि ‘उपचारापूर्वी’ असं सुवाच्य अक्षरात. उत्तर म्हणजे माझे केस. दर पंधरा दिवसांनी माप घेऊ, मग लेझरचा गुण येतो की नाही ते कळेल, कोणाच्या सांगण्यावर विसंबायला नको, असं त्यांचं म्हणणं. माझ्या चेहऱ्याकडे इतक्या बारकाईने पाहणारा तो आयुष्यातला पहिला पुरुष, आणि वय वर्षं एकाहत्तर.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान की मोठ्या हे त्यांच्या कपाळावरून कळायला मार्ग नव्हता. माझं दुर्दैव असं की त्या प्रामाणिक निघाल्या. लबाड असत्या तर पुढे त्यांच्यावर खापर फोडता आलं असतं. त्यांनी स्वच्छ सांगितलं की लेझर रेषा पुसत नाही. ते कातडीला हजारो बारीक भोकं पाडतं. कातडीला वाटतं आपल्याला इजा झाली, मग ती घाईघाईने आतून नवा माल भरते आणि त्या भरण्यात बारीक सुरकुत्या थोड्या बुजतात. डोळ्यांच्या कडेच्या, ओठांभोवतीच्या बऱ्यापैकी. फरक दिसायला तीन महिने, खेपा दोन किंवा तीन. “पण तुमच्या या दोन रेषा कातडीच्या नाहीत, सवयीच्या आहेत,” त्या म्हणाल्या. “कातडीचं मी बघते, सवयीचं तुम्ही बघा.”

आठी पाडणाऱ्या स्नायूला झोपवायचं इंजेक्शनही असतं म्हणे. पण आमच्या घरात आधीच माझं कोणी ऐकत नाही. त्यात स्वतःच्या कपाळानेही ऐकू नये हे मला पटेना. निघताना त्या सहज म्हणाल्या की काही जण आठवण राहावी म्हणून भुवयांमध्ये कागदी चिकटपट्टी लावतात, आठी पडू लागली की ती ओढ देते. सहज म्हणाल्या. मी मात्र घरी येऊन वहीत लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली.

आता रजा. पाच दिवसांची रजा हवी होती. अर्जात कारण लिहिलं, ‘त्वचेचा किरकोळ उपचार’. दुसऱ्या दिवशी अर्ज परत. आमच्याच विभागातून, माझ्याच समोरच्या टेबलावरून. तिथे जी बसते तिला आम्ही टाचणी म्हणतो, कारण कागद कसाही असो, त्याला चिठ्ठी टाचल्याशिवाय तिला चैन पडत नाही. आमची बारा वर्षांची मैत्री, डबा एकत्र खातो. तरी तिने तोंडाने न बोलता चिठ्ठी टाचून पाठवली. त्वचेच्या आजारासाठी आजार संसर्गजन्य नसल्याचा दाखला जोडावा, कलम अमुक. मी म्हटलं, अगं, सुरकुत्या आहेत. ती म्हणाली, मला ठाऊक आहे, पण कलमाला ठाऊक नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, हे जास्त लागलं.

डॉक्टरीणबाईंनी न हसता दाखला दिला. ‘प्रमाणित करण्यात येते की सदर रुग्णाच्या कपाळावरील सुरकुत्या संसर्गजन्य स्वरूपाच्या नसून त्यांपासून सहकाऱ्यांस कोणताही धोका नाही.’ खाली सही आणि गोल शिक्का. हा दाखला वाचताना मला हत्तीसमोर बसलेली ठकू दिसली आणि वाटलं, एकदम खोटा आहे. पण शिक्का असल्यावर मी कोण बोलणार?

प्रत्यक्ष उपचाराबद्दल फार सांगत नाही. तोंडाला बधिर करणारा मलम फासून तासभर बसवलं, डोळ्यांवर धातूच्या वाट्या ठेवल्या आणि एक नळी तोंडावर गार वारा सोडू लागली. रबरबँड ताणून सोडल्यासारखं वाटेल, असं सांगितलं होतं. रबरबँड तापलेला असतो आणि सोडणारा दमत नाही, हे सांगायचं राहिलं होतं. मध्येच केस जळल्याचा वास आला. कोणाचे, हे विचारायचा धीर झाला नाही.

पहिल्या दिवशी चेहरा उकडल्यासारखा लाल. तिसऱ्या दिवशी त्यावर तपकिरी ठिपक्यांची जाळी, जशी काही मी गाळणीला तोंड लावून झोपले होते. हात फिरवला तर खरखर. ठकूने जवळ येऊन विचारलं, आई, तू भाजलीस? आणि गाल फुगवून माझ्या तोंडावर फुंकर घातली. त्या वेळी मला जी शरम वाटली, तिला लेझर नाही.

शरमेमुळेच पुढचा घोटाळा झाला. उन्हात जायला बंदी होती, म्हणून मी टोपी, स्कार्फ आणि छत्री अशा तिहेरी बंदोबस्तात कचरा टाकायला उतरले, तर जिन्यात इमारतीचे सचिव भेटले. कधीही भेटले तरी त्यांच्या काखेत फाइल असते. नेमका तेव्हाच स्कार्फ घसरला. त्यांनी विचारलं, काय झालं हे? सरळ सांगून मोकळं व्हावं की नाही. पण ज्या माणसाला आपण गेल्या महिन्यात पार्किंगच्या अर्जातली चूक दाखवली, त्याला सुरकुत्यांचं कसं सांगायचं? तोंडातून निघून गेलं, गॅसजवळ जरा वाफ लागली.

संध्याकाळी फलकावर सूचना. ‘गॅसगळतीची शक्यता, सर्वांनी खबरदारी घ्यावी.’ दुसऱ्या दिवशी गॅसकंपनीचा माणूस आला, त्याने आमच्या शेगडीला कान लावला, नळीला साबणाचं पाणी लावलं, काहीच मिळालं नाही म्हणून त्याचा संशय वाढला, आणि त्याने सगळ्या इमारतीची मुख्य झडप बंद करून तिला मोहोर लावली. मोहोर काढायची तर तीन प्रतींत अर्ज. त्यात एक रकाना होता, ‘अपघाताचे स्वरूप’. बारा वर्षं मी लोकांचे रकाने तपासते. आयुष्यात पहिल्यांदाच एक रकाना माझ्याकडे टक लावून बघत होता.

दोन दिवस अख्ख्या इमारतीने पाव आणि फळं खाल्ली. वरच्या बाई येऊन हळू आवाजात विचारून गेल्या की घरात सगळं ठीक आहे ना, म्हणजे सासूबाईंचं आणि माझं. हे सासूबाईंनी आतून ऐकलं. त्या दिवशी त्यांनी ठकूला माझ्या हातून घेतलं नाही. खाली ठेव, मग घेते, म्हणाल्या. मग मात्र माझा धीर सुटला. जिन्यात सभा भरली, वरच्या पायऱ्यांवर बायका, खालच्या पायऱ्यांवर पुरुष, आणि मी मधल्या चौकात उभी राहून खरं काय ते सांगितलं. कोणाचा विश्वास बसेना. या चेहऱ्यासाठी कोणी पदरमोड करून असं करून घेईल? शेवटी मी तो दाखला पुढे केला आणि सचिवांनी तो शिक्क्यासकट मोठ्याने वाचला. धोका नाही, इथपर्यंत. मग त्यांनी इतिवृत्तात लिहिलं, ‘सभेने सुरकुत्यांची नोंद घेतली.’ सासूबाई सगळ्यांदेखत माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या घरातल्या रेषा आहेत, कोणाला काय करायचंय. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

इथवर गोष्ट संपली असती तर ती हसत सांगण्याजोगी होती. पुढचं मी सहसा सांगत नाही.

खपल्या गेल्या, कातडी नवी आली आणि मी सवयीच्या मागे लागले. घरात असताना भुवयांमध्ये चिकटपट्टी. आठी येऊ लागली की पट्टी ओढ देई आणि मी चेहरा सैल सोडत असे. मला कामं नीट करायची खोड आहे. सहा आठवड्यांत मी चेहरा असा तयार केला, की पट्टी काढली तरी तो हलेना. दूध उतू गेलं, चेहरा शांत. नवरा किल्ली विसरला, चेहरा शांत. कचेरीत लोक माझ्याशी हुज्जत घालू लागले. पूर्वी नुसतं वर पाहिलं की अर्ज परत न्यायचे. टाचणी म्हणाली, तू हल्ली पटल्यासारखी दिसतेस, त्यामुळे सगळे थांबतात. काकांनी माप घेतलं आणि डावीकडे प्रगती असल्याचं जाहीर केलं.

त्याच दिवसांत ठकू धीट झाली. खुर्चीवर चढ, खिडकीच्या गजांना लोंबक, ओल्या फरशीवरून धाव. सासूबाई म्हणायच्या, पोर हल्ली ऐकत नाही. मी म्हणायचे, ऐकते हो, घाबरत नाही एवढंच. मला मनातून आनंद होत होता. मला वाटत होतं, गुण आला. आई हसरी झाली, म्हणून लेक मोकळी झाली.

मग ती संध्याकाळ. बागेत लोखंडी शिडी आहे, मोठ्या मुलांची. मी टोपी घालून सावलीतल्या बाकावर होते, फार तर वीस पावलांवर. ठकू तीन पायऱ्या चढली आणि थांबली. वळून माझ्याकडे बघितलं. माझ्या भुवया जवळ यायला निघाल्या, आणि मी त्यांना थोपवलं. सवयीने. अर्धा क्षणसुद्धा लागला नाही. ठकूने माझा शांत चेहरा पाहिला, पुढे वळली आणि चौथी पायरी चढली. पाचवीवर पुन्हा वळली. मी पुन्हा शांत. तोपर्यंत मी उठले होते, पण उठलेली आई तिला दिसत नव्हती, तिला चेहरा दिसत होता.

लहान मूल अनोळखी जागी आईचा चेहरा बघून पुढे जायचं की मागे फिरायचं ते ठरवतं. हे मी कॉलेजात शिकले होते. या प्रश्नावर मला दहापैकी आठ गुण मिळाले होते.

सहाव्या पायरीवरून पाय निसटला. मी पोचले तेव्हा ती खाली बसली होती. हनुवटी फुटली होती, फ्रॉक लाल होत होता, आणि ती रडत नव्हती. माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. कपाळ, मग डोळे, मग परत कपाळ. तिथे तिला काहीच मिळालं नाही असं दिसलं, कारण मग तिने विचारलं.

“आई, मला लागलंय का?”

भीतीने माझं सगळं अंग कापत होतं आणि चेहरा तसाच होता. मला तो हलवावा लागला. जिथे सहा आठवडे पट्टी होती तिथली कातडी मी जोर लावून जवळ आणली. “हो गं बाळा,” मी म्हटलं, “लागलंय. पुष्कळ लागलंय.” तेव्हा कुठे ती रडली. परवानगी मिळाल्यासारखी रडली.

तीन टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी हात धुता धुता दिलासा दिला, रेषा राहील बारीकशी, पण काळजी करू नका, मोठेपणी लेझर करून घेता येईल. मी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते बोलायचे थांबले. नवऱ्याने माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

लेझरला तीन महिने झाल्यावर त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी ठेवले. त्यांच्या मते पंचवीस टक्के फरक होता. डोळ्यांच्या कडेला खरंच बरं दिसत होतं, त्यांनी कबूल केलं होतं तेवढं त्यांनी दिलं. दुसऱ्या खेपेला मी नाही म्हटलं. फोटो घरी आणले, नवऱ्याला विचारलं, यातला नंतरचा कोणता? त्याने आधीचा उचलला आणि म्हणाला, हा, यात तू माझ्यासारखी दिसतेस. म्हणजे काय, विचारल्यावर म्हणाला, म्हणजे आमच्या घरातली. मी त्याच्याशी भांडले नाही.

आठी आता परत आलीये. मी मुद्दाम पाडते, खोल पाडते, त्रुटी विभागाला शोभेल अशी. काकांच्या आलेखात रेष पुन्हा खाली गेलीये आणि ते हळहळतात. पण ठकूला आठीचा उपयोग राहिलेला नाही. शिडीपाशी गेली, पाण्यापाशी गेली, गेटापाशी गेली, की मी भुवया आवळून तयार असते, आणि ती माझ्याकडे वळून बघत नाही. एकदा चुकीचं सांगणाऱ्या चेहऱ्याला परत कशाला विचारायचं, असं तिने ठरवून टाकलेलं दिसतं. त्याऐवजी ती पाठमोरीच, पुढे चालता चालता मोठ्याने विचारते, “आई, हे पडायचं आहे का?”

मी सांगते. पण तोवर ती चढलेली असते.